फ्रान्समध्ये जुन्या किल्ल्यातल्या हॉटेलात राहायला एवढे पैसे घालवावेत का?

ताई, तुम्ही विचारलंय की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बर्गंडीत जाताय, तिथल्या द्राक्षमळ्यांत मध्ययुगीन किल्ला दुरुस्त करून हॉटेल केलंय, तर तिथे राहावं का. आणि यजमान म्हणतात, ‘जुन्या भिंतींसाठी एवढे पैसे कशाला? जवळच्या बोन शहरात साधं हॉटेल घेऊ.’

राहा. दोनऐवजी तीन रात्री राहा. ते ‘जुन्या भिंतींसाठी’ वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

आम्ही २०१८च्या सप्टेंबरअखेरीस गेलो होतो. मी, बायको आणि आई. आई तेव्हा एकाहत्तरची. दिजाँ आणि बोन यांच्या मधल्या एका गावात उतरलो. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण पहिल्याच रात्री फसगत झाली. बुकिंग किल्ल्याचं, आणि खोली दिली अंगणापलीकडच्या जुन्या तबेल्यात. खाली गालिचा, वर जिप्समचं छत. अशी खोली मुंबईतही मिळते. भांडलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्य इमारतीत हलवलं. त्यामुळे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या: खोली मुख्य शातोत, म्हणजे किल्ल्यात आहे की ‘देपांदाँस’मध्ये, म्हणजे आवारातल्या बाजूच्या इमारतीत. बऱ्याच ठिकाणी निम्म्या खोल्या तिकडेच असतात आणि फोटो मात्र बुरुजाचे लावतात.

नवी खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दगडी गोल जिना, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आई भिंतीवरचा जाड दोर धरून, दोनदा थांबत वर आली, चपला काढून पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “अरे, हे बघ. तुळईला सांधा मारलाय.”

मी खुर्चीवर चढून पाहिलं. ओकची तुळई, दीड वीत जाड, काळीशार. पण भिंतीत शिरण्याआधीचा शेवटचा दोन हात भाग फिकट, मधाच्या रंगाचा. जुनं लाकूड तिरकं कापून त्याला तसंच तिरकं कापलेलं नवं लाकूड बसवलं होतं आणि आरपार लाकडी खुंट्या मारल्या होत्या. शेजारच्या तुळईलाही तेच. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी ठिगळच म्हणत होते.”

जुन्या नाशकात आमचा दोन चौकी वाडा होता. सागाचे खांब, सागाच्या तुळया. २००६च्या पावसात माजघरावरचा एक खण खाली आला. धाकट्या काकांनी कुणा इंजिनियरला आणलं. तो म्हणाला, तुळयांची टोकं भिंतीत कुजली आहेत, पाडण्याशिवाय इलाज नाही. आईने विचारलं, नुसती टोकं बदलता नाही येणार? काका सगळ्यांसमोर हसले. “वहिनी, ठिगळ लावायला ते काय लुगडं आहे?” २००९ला वाडा पाडला. आई त्या वाड्यात लग्न होऊन आली होती. त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नव्हता, तो त्या पलंगावर पडल्या पडल्या काढला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलची देखभाल करणारे एक वयस्कर गृहस्थ भेटले. बायकोला फ्रेंच येतं, तिने विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: तुळई मधे सहसा कुजत नाही. भिंतीत अडकलेल्या टोकाला ओल लागते, तिथेच कुजते. म्हणून कुजका भाग काढायचा आणि तेवढंच नवं लाकूड जोडायचं. सांधा मुद्दाम दिसू द्यायचा, म्हणजे जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे पुढच्या माणसाला कळतं. आणि जुन्या दगडी भिंतीला गिलावा चुन्याचाच. सिमेंट लावलं की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, ती लाकूड शोधते.

आमच्या वाड्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा १९८८मध्ये काकांनीच करून घेतला होता.

वाडा पाडताना काकांचा दुसरा मुद्दा होता वारसांचा. अकरा वारस, एकमत होणार कधी? त्याचं उत्तर तिथून जवळच मिळालं. क्लो द वूजो हा द्राक्षमळा बाराव्या शतकात सितोच्या मठातल्या साधूंनी लावायला घेतला आणि पुढे त्याला दगडी भिंत घातली. साधारण ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. राज्यक्रांतीत तो मठाकडून गेला, १८८९मध्ये विकला गेला आणि मग तुकडे पडत गेले. आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाकडे वेलींच्या मोजक्याच रांगा. तरी भिंत उभी आहे, नाव एकच आहे, आणि आतल्या शातोत द्राक्षं दाबायची जुनी अवाढव्य लाकडी यंत्रं बघायला मिळतात. अकरा जणांचं काय घेऊन बसलात?

तुमचा प्रश्न राहिलाच. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनहून दिजाँ टीजीव्ही या वेगवान गाडीने साधारण दीड-पावणेदोन तास, तिथून बोन लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत. पण गावात टॅक्सी मिळणं कठीण, गाडी भाड्याने घ्या. वाइन चाखायची असेल तर गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये, तिथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. दुपारचं जेवण दोननंतर मागाल तर उपाशी राहाल. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा. एसी बहुतेक नसतो, भिंती जाड असल्याने जुलै सोडला तर अडत नाही. नोव्हेंबरचा तिसरा रविवार टाळा, त्या दिवशी बोनच्या जुन्या रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव असतो आणि खोल्या मिळत नाहीत. ते रुग्णालय मात्र चुकवू नका. १४४३मध्ये निकोला रोलाँ यांनी स्थापन केलेलं आहे, त्याची रंगीत कौलं अंगणात उभं राहून बघा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फ्रेंचांनी सगळंच जपलं असं नाही. याच बर्गंडीतलं क्लूनीचं चर्च रोमचं सेंट पीटर्स बांधून होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. क्रांतीनंतर ते विकलं आणि दगडांसाठी पाडलं. आज जेमतेम दहावा हिस्सा उरलाय. आणि आमच्या वाड्यात चाळीस रुपये भाड्याचे भाडेकरू होते, त्यातून चुनासुद्धा आला नसता, हेही खरं.

२०१९ला एका लग्नात आईने काकांना त्या सांध्याचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “पण पैसे कुणी दिले असते, वहिनी?” आई म्हणाली, “आम्ही तीन रात्रीचे दिले की.”

यजमानांना हेच सांगा. ते पैसे त्या भिंतींनाच लागतात, छपराला लागतात, तुळईच्या टोकाला लागतात. आणि तुमच्यापैकी कुणाचे गुडघे दुखत असतील तर पहिल्या मजल्यावरची खोली मागून घ्या.