फाइलच्या नावात स्पेस असली की स्क्रिप्ट का अडखळते

‘सातबारा उतारा.पीडीएफ’ सारख्या फाइली हलवताना आपल्या शेल स्क्रिप्टमधील एमव्ही (फाइल हलवणारी आज्ञा) ‘सातबारा’ आणि ‘उतारा.पीडीएफ’ अशा दोन फाइली शोधते आणि त्या नाहीत असे सांगते, ही आपली अडचण आहे. सगळ्या नावांत स्पेसच्या जागी अंडरस्कोअर घालण्याचा जो सल्ला आपल्याला मिळाला, तो मला मान्य नाही. युनिक्समध्ये स्लॅश आणि नल बाइट (शून्य मूल्याचा बाइट) वगळता कोणताही बाइट फाइलच्या नावात चालतो. नाव निर्दोष आहे, चूक स्क्रिप्टमध्ये आहे.

शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, व्हेरिएबलच्या जागी त्याचे मूल्य ठेवते, आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांत नसेल तर आयएफएसमधील (विभाजक चिन्हांच्या यादीतील) चिन्हांवर, म्हणजे एरवी स्पेस, टॅब आणि नवी ओळ यांवर, त्याचे तुकडे करते. तुकड्यात तारांकन असेल तर ते फोल्डरमधील नावांशी जुळवूनही पाहते. आपल्याकडे एमव्ही नुसती थांबली. ‘अहवाल’ आणि ‘अहवाल जुना’ या दोन्ही फाइली जिथे आहेत तिथे दुसरी पुसण्यासाठी अवतरणचिन्हांविना आरएम चालवली, तर जुनी फाइल तशीच राहते आणि चांगला ‘अहवाल’ जातो. म्हणून व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणचिन्हांतच लिहावे. एकेरी चिन्हे चालणार नाहीत, कारण त्यांत व्हेरिएबल दाखवणाऱ्या डॉलरचा विशेष अर्थ उरत नाही.

मात्र आपल्या स्क्रिप्टमध्ये एवढ्याने भागणार नाही, कारण आपण एलएसचे (फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेचे) आउटपुट फॉर लूपला दिले आहे आणि लूप सुरू होण्यापूर्वीच त्याचे तुकडे झालेले असतात. एलएस काढून टाका आणि लूपला थेट पॅटर्न द्या: डॉट, स्लॅश, तारांकन, डॉट पीडीएफ. पॅटर्नचा विस्तार तुकडे पाडण्याच्या टप्प्यानंतर होतो, त्यामुळे प्रत्येक नाव अखंड मिळते. सुरुवातीच्या डॉट-स्लॅशमुळे हायफनने सुरू होणारे नावही ऑप्शन समजले जात नाही. एकही फाइल जुळली नाही तर बॅश पॅटर्नच जसाच्या तसा देते, तेव्हा लूपमध्ये फाइल अस्तित्वात असल्याची खात्री करून घ्यावी.

उपफोल्डरही हवे असतील तर फाइंड या फाइली शोधणाऱ्या आज्ञेचा एक्झेक (सापडलेल्या फाइलींवर दुसरी आज्ञा चालवणारा ऑप्शन) वापरावा, किंवा तिच्या प्रिंट-झीरोचे (नावांमध्ये नल बाइट घालणाऱ्या ऑप्शनचे) आउटपुट एक्सआर्ग्जला (मिळालेली नावे दुसऱ्या आज्ञेला देणाऱ्या आज्ञेला) शून्याच्या ऑप्शनसह द्यावे. नल बाइट नावात येऊच शकत नसल्याने तोच एकमेव निर्धोक विभाजक आहे. २०२४ च्या पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात) प्रिंट-झीरो आणि एक्सआर्ग्जचा शून्य या दोन्ही ऑप्शनना स्थान मिळाले आहे. स्क्रिप्टला दिलेली नावे पुढे पाठवताना डॉलर-ॲट (प्रत्येक नाव वेगळे ठेवणारे) दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे, डॉलर-तारांकन (सगळी नावे एकत्र जोडणारे) नव्हे.

आयएफएस बदलून केवळ नवी ओळ ठेवण्याचा उपाय मी टाळतो: नवी ओळ असलेले नाव तरीही तुटते, तारांकनाचा धोका कायम राहतो आणि स्क्रिप्टचा उरलेला भागही त्या बदलाखाली येतो.

आपण मॅकवर असाल तर आणखी एक गोष्ट तपासावी. २०१९ च्या कॅटालिनापासून तेथील मूळ शेल झेडशेल आहे, आणि ते अवतरणचिन्हांविना लिहिलेल्या व्हेरिएबलचे तुकडे करत नाही. त्यामुळे टर्मिनलमध्ये हाताने चालवून पाहिलेली ओळ बॅशच्या स्क्रिप्टमध्ये गेल्यावर तुटू शकते.