वाचक विचारतात : स्तंभ शून्यापासूनच का?

प्रश्न : आमची संस्था नागपूर जिल्ह्यातल्या चौदाही तालुक्यांत बालवाचनालयं चालवते. पुस्तकं वेळेवर परत येण्याचं तालुकावार प्रमाण मी अहवालासाठी स्तंभालेखात मांडलं, तर सगळे स्तंभ सारखेच दिसतात. कार्यकारिणीतले एक काका म्हणतात, ‘अक्ष ८० पासून सुरू कर, फरक दिसेल.’ शिवाय तालुक्यांची नावं तिरपी छापली जातात. काय करू?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : काकांचा हेतू चांगला आहे, पण एवढं एक त्यांचं ऐकू नका. स्तंभालेखात डोळा आधी लांबी बघतो. अक्षावरचे आकडे तो नंतर वाचतो, कित्येकदा वाचतही नाही. समजा, काटोलचं प्रमाण ९६ टक्के आहे आणि उमरेडचं ८४. अक्ष ८० पासून धरला की काटोलचा स्तंभ उमरेडच्या चौपट होतो. खऱ्या आकड्यांत काटोल उमरेडच्या सव्वापटही नाही. उमरेडचं वाचनालय सांभाळणाऱ्या कार्यकर्तीने हे पान उघडलं तर आपलं केंद्र बुडालं असंच तिला वाटेल. वर्षभर राबणाऱ्या बाईवर हा अन्याय आहे, आणि खाली बारीक अक्षरांत ‘अक्ष ८० पासून’ असं छापल्याने तो दूर होत नाही.

स्तंभ सारखे दिसतात, कारण तालुक्यांचं काम जवळपास सारखं आहे. ही चांगली बातमी आहे, ती तशीच छापा. तरीही फरक दाखवायचाच असेल तर फरकाचाच आलेख काढा : जिल्ह्याची सरासरी म्हणजे शून्य, वरचढ तालुके उजवीकडे, मागे पडलेले डावीकडे, आणि हे शीर्षकात स्वच्छ लिहा. किंवा स्तंभांऐवजी ठिपके मांडा. ठिपक्याची आपण जागा बघतो, लांबी नाही. म्हणून तिथे ८० पासून सुरुवात चालते.

याच कारणासाठी तापमानाचा स्तंभालेख मी विद्यार्थ्यांना काढू देत नाही. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे ‘उष्णता नाही’ असं नव्हे. आपल्या मे महिन्यातल्या ४४ अंशांचा स्तंभ २२ अंशांच्या दुप्पट उंच येईल, पण उष्णता काही दुप्पट नसते. तिथे रेषालेखच हवा.

नावांसाठी स्तंभ आडवे करा. ‘नागपूर ग्रामीण’, ‘कळमेश्वर’ सरळ ओळीत बसतील. स्तंभालेखाचे जनक मानले जाणारे विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली स्कॉटलंडचा सतरा ठिकाणांशी असलेला व्यापार दाखवला, तेव्हा त्यांचेही स्तंभ आडवेच होते. एक्सेलमध्ये आडव्या स्तंभांची यादी उलटी येते, पहिलं नाव तळाशी जातं; उभ्या अक्षाच्या फॉरमॅटमध्ये क्रम उलटा करायची सोय आहे. तालुके मोठ्या आकड्यापासून लहान आकड्याकडे लावा. महिने किंवा इयत्ता असत्या तर त्यांचा मूळ क्रम मोडू नका म्हटलं असतं.

प्रेसवाले थ्रीडी आणि चौदा रंग सुचवतील. थ्रीडीत स्तंभाचं टोक नेमकं कुठे संपतं तेच कळत नाही, म्हणून ठाम नाही म्हणा. सगळ्यांना एकच रंग द्या. ज्या तालुक्याबद्दल मजकुरात लिहिलंय, तेवढा गडद करा. अहवालाची झेरॉक्स निघाली तरी तो उठून दिसला पाहिजे. आकडे स्तंभांच्या टोकाशी लिहा आणि मागची जाळी काढून टाका. ९६.३७ नको, ९६ पुरे.