बुटातलं पाकीट

प्रिय पोरा,

परवा धंतोलीत टपरीवर तू विचारलंस आणि मी चहा अर्धा टाकून उठलो. राग नव्हता रे. दुसरा फुटबॉल क्लब मॅचमागे दोन हजार देतोय, खेळायचं मात्र भलत्याच्या नावावर, असं म्हणालास आणि मला माझा डावा बूट आठवला.

बावीसचा होतो. एका क्लबाने बाहेरगावच्या नॉकआउटला नेलं. पहिल्या मॅचआधी बुटात पाय घातला तर आत पाकीट, पन्नासच्या सहा नोटा. खेळाडूच्या कार्डावर फोटो माझा, नाव दुसऱ्याचं. सेमीफायनलला समोरच्यांनी तक्रार केली आणि आख्खी टीम बाद. रात्रीच्या पॅसेंजरमध्ये कोणी माझ्याशी बोललं नाही. नोटा खर्च केल्या मी, खोटं कशाला सांगू.

इंग्लंडात हौशी, म्हणजे बिनपगारी खेळणाऱ्या क्लबांसाठी देशभराचा कप होता, एफए अमॅच्युअर कप. एफए म्हणजे तिथली फुटबॉल संघटना. १८९३-९४ ला सुरू झालेला. १९५४ ची फायनल बघ. बिशप ऑकलंड आणि जवळचंच क्रुक टाउन, दोन्ही डरहॅमच्या कोळसापट्ट्यातले. आपल्या नागपूरजवळची खाणीची गावं सिल्लेवाडा नि वलनी समज. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एक लाख माणूस, २-२. पुन्हा खेळले, पुन्हा २-२. तिसऱ्यांदा क्रुक १-० ने जिंकलं. हरलेल्या ऑकलंडने पुढची तिन्ही वर्षं कप नेला.

पण हौशी म्हणवणाऱ्या कित्येकांच्या बुटात तिथेही गुपचूप पैसे पडायचे. सगळ्यांना ठाऊक, बोलायचं कोणी नाही. शेवटी १९७४ मध्ये एफएने हौशी-व्यावसायिक हा भेदच मोडला आणि त्यासोबत कपही बंद केला. भेद गेला ते बरं झालं. कप गेला याची मला अजून हळहळ वाटते.

त्याच बिशप ऑकलंडचा एक खेळाडू, वॉरन ब्रॅडली. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात मँचेस्टर युनायटेड क्लबाचे खेळाडू गेले, तेव्हा हा त्यांच्या मदतीला गेला, मग रीतसर पगार घेऊन खेळला, १९५९ मध्ये इंग्लंडकडून तीन सामनेही खेळला. मास्तरकी तेव्हाही चालूच होती. पैसे त्यानंही घेतलेच ना? पण सही करून.

तर तूही घे. तुझ्या घरचं मला माहीत आहे. त्या क्लबला सांग, मोसम संपला की ट्रान्सफर करा, कार्ड माझ्याच नावाचं काढा. एका क्लबकडून कप स्पर्धेत उतरल्यावर त्याच मोसमात दुसऱ्याकडून बहुतेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा नियमपत्रक आधी वाच. आणि गुडघा गेला तर? ज्याच्या नावावर खेळशील तो काही दवाखान्याचं बिल भरायला येणार नाही.

रविवारी साडेपाचला ग्राउंडवर ये. एंट्रीचा फॉर्म भरायचाय, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो आण. स्टुडिओतले आण बाप्पा, मागच्या वेळचे मोबाईलवाले परत आले होते.

तुझे,
सर