फोरॅमिनिफेरा : शिंपला, कवच की सांगाडा?

नागपूरच्या एका भूशास्त्राच्या विद्यार्थिनीनं विचारलं आहे : समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांचा मराठी तक्ता करते आहे. त्यातल्या फोरॅमिनिफेराच्या ‘टेस्ट’ला, म्हणजे पेशीभोवतीच्या कप्प्याकप्प्यांच्या टणक आवरणाला, शिंपला म्हणू, कवच म्हणू की सांगाडा? यंत्रानं तर ‘चाचणी’ असं भाषांतर दिलं.

‘चाचणी’वर हसा, पण दूरचं नातं आहे. लॅटिन ‘टेस्टा’ म्हणजे भाजक्या मातीचं भांडं, खापर. त्यावरून कवच. धातूचा कस पाहायच्या मातीच्या भांड्यावरून परीक्षा.

शिंपला मात्र नको. तो शब्द मृदुकाय, म्हणजे कालव-गोगलगायीसारख्या मऊ अंगाच्या प्राण्यांचा, आणि तो घोळ एकदा होऊन गेला आहे. १८२६ मध्ये फ्रेंच निसर्गअभ्यासक दॉर्बिन्यीनं फोरॅमिनिफेरा हे नाव दिलं तेव्हा तो त्यांना नॉटिलस या शंखवाल्या मृदुकाय प्राण्याचे चिमुकले भाऊबंद समजत होता. ते एकपेशीय आहेत हे १८३५ मध्ये द्युजार्दँ या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकानं दाखवलं.

‘कवच’ लिहा. छद्मपाद, म्हणजे पेशीद्रव्याचे पायांसारखे धागे, बाहेर पसरतात, पेशीद्रव्य कवचावरही येतं, त्यामुळे चिलखताचा अर्थ तंतोतंत बसत नाही. तरी याहून बरा शब्द मला दिसत नाही.

तुमच्या कच्च्या तक्त्यातलं ‘सच्छिद्र प्राणी’ मात्र खोडा. एक तर ते प्राणी नव्हेत. दुसरं, नावातलं ‘फोरामेन’ म्हणजे दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक. भिंतीवरची सूक्ष्म रंध्रं निराळी, आणि तळाशी राहणाऱ्या काही गटांच्या भिंतीत ती सहसा नसतातच. पडद्यातल्या भोकाला ‘छिद्र’, भिंतीतल्याला ‘रंध्र’ आणि शेवटच्या कप्प्याच्या दाराला ‘मुख’ म्हटलं की गोंधळ मिटतो. तरंगणाऱ्या जाती ओळखताना हेच पाहतात : कप्प्यांची मांडणी, मुख कुठे आहे, रंध्रं केवढी, काटे आहेत का. उदाहरणार्थ या दोन प्रजाती : ग्लोबिजेरिना फुगीर कप्प्यांची, काटेरी, ग्लोबोरोटॅलिया बिनकाट्याची. कवच दोन्हींचं कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचं.

‘सांगाडा’ रेडिओलॅरिया या दुसऱ्या तरंगत्या एकपेशीय गटासाठी राखा. त्यांची सिलिकाची जाळी पेशीच्या आत असते. त्यांच्यातल्या स्पुमेलॅरिया या उपगटात ती बहुधा गोलाकार, नॅसेलॅरियात शंकू किंवा घंटेसारखी.

समुद्र लांब म्हणून नागपूरकरांना हा विषय परका नाही बरं का. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिलीला, दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या गाळात, डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या काळातले तरंगते फोरॅमिनिफेरा सापडले आहेत. तक्त्यात ते घ्याच, आणि तिथे ‘जीवाश्म कवचं’ लिहा.