‘पालक’ म्हटलं की भागतं का?

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: “माझ्या वर्गातल्या एका मुलीला दोन आया आहेत. शाळेच्या फॉर्मवर ‘आईचे नाव’ आणि ‘वडिलांचे नाव’ असे रकाने छापलेले असतात. तिच्या घरून फॉर्म आला तेव्हा ‘वडिलांचे’ यावर पेनाने एक बारीक रेघ मारून वर ‘आईचे’ लिहिलेलं होतं. मुख्याध्यापिका म्हणतात, पुढच्या वर्षी सरळ ‘पालक’ छापू. पण पालक म्हणजे नुसता सांभाळणारा ना? आणि अशांना समलिंगी पालक म्हणायचं की समलैंगिक पालक?”

दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेते. ‘समलिंगी’ म्हणजे एकाच लिंगाचे. त्याला दोन माणसं लागतात, म्हणून ‘समलिंगी जोडपं’ बरोबर. ‘समलैंगिक’ हा शब्द माणसाच्या ओढीबद्दल बोलतो. एकटीने मूल वाढवणारी बाई समलैंगिक असू शकते, पण तिला ‘समलिंगी पालक’ म्हटलं तर सम कुणाशी, हे सांगता येत नाही. जोडप्यातलं कुणी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असेल तर दोन्ही शब्द चुकू शकतात. पुण्यातल्या एका संस्थेच्या नावामुळे ‘समपथिक’ हा शब्द कानावर आला, तो मला फार आवडतो. तुमच्या वर्गात मात्र यातलं एकही विशेषण नको. “तिला दोन आया आहेत” हे तुमचं वाक्य पुरेसं आहे.

आता ‘पालक’. संस्कृत ‘पाल्’ म्हणजे राखणं, जोपासणं. जोपासतो तो पालक, ज्याला जोपासायचं ते पाल्य. जन्म देणं या शब्दात कुठेच नाही, त्यासाठी जनक, जन्मदाते हे शब्द वेगळे आहेत. व्याकरणाने स्त्रीलिंगी रूप ‘पालिका’ होतं, पण ते नगरपालिकेकडे गेलं, जिथे जन्माची नोंद होते तिथेच. त्यामुळे आज आपण ‘ती माझी पालक’ असंच म्हणतो, आणि हा शब्द बाई, पुरुष, पारलिंगी व्यक्ती सगळ्यांना सहज लागू होतो.

तुमची शंका तरीही रास्त आहे. पालक हा शब्द मराठीत दोन कामं करतो. पालकसभेला आईबाप जातात, ते पालक. आणि १८९०चा ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स’ कायदा आपण ‘पालक व पाल्य’ म्हणून ओळखतो, तिथला पालक कोर्टाने नेमलेलाही असू शकतो. ज्या बाईला आई म्हणून ओळख हवी आहे, तिला ‘पालक’ वाचताना आपण अर्ध्यावर ठेवले गेलो असं वाटू शकतं. ती बारीक रेघ मारणाऱ्या आईने ‘पालक’ न लिहिता ‘आईचे’ लिहिलं, ते उगाच नाही.

कायद्यात तिची जागा खरोखरच अधांतरी आहे. दत्तकविधानाच्या नियमांनुसार एकट्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येतं, पण जोडप्याला घ्यायचं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन हवं, आणि समलिंगी विवाहाला आपल्याकडे मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विवाहाचा हक्क नाकारला. दत्तकाच्या मुद्द्यावर मात्र पीठ तीन विरुद्ध दोन असं दुभंगलं. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल हा नियम भेदभाव करणारा आहे असं म्हणत होते, पण बहुमत पलीकडे होतं. म्हणजे दोघींनी मिळून मूल वाढवलं तरी दत्तकपत्रावर एकीचंच नाव. दुसरी रोज डबा भरते, ताप मोजते, पालकसभेत पहिल्या बाकावर बसते आणि कागदावर त्या मुलीची कुणीच नसते. मला हा अन्याय वाटतो, आणि शब्दांबद्दल लिहिताना तो बाजूला ठेवणं मला जमत नाही.

केरळातला दाखला नेमका शब्दाचाच आहे. कोळिकोडच्या झहाद या पारलिंगी पुरुषाने फेब्रुवारी २०२३मध्ये बाळाला जन्म दिला. जोडीदार झिया ही पारलिंगी स्त्री. जन्मदाखल्यावर झहादची नोंद आई म्हणून आणि झियाची वडील म्हणून झाली, दोघं जगत होते त्याच्या बरोबर उलट. ‘आई’, ‘वडील’ काढून दोघांसाठी लिंगनिरपेक्ष शब्द लिहा, एवढंच त्यांचं मागणं होतं. जून २०२५मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. त्या दाखल्यावरच्या ‘पेरेंट’ या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘पालक’च म्हणावं लागेल. तिथे तो कुणाला कमी लेखत नाही, कारण त्यांनी तो स्वतः मागितला होता.

जाता जाता ‘वडील’बद्दल. याचा मूळ अर्थ नुसता ‘मोठा’. ‘वडील बहीण’, ‘वडीलधारी माणसं’ आपण आजही म्हणतो. बापासाठी तो आदरार्थी रूढ झाला इतकंच. हाका तर त्याहून मोकळ्या होत्या. आमच्या घरी वडिलांना अण्णा आणि आईला वहिनी म्हणत, कारण काका तिला वहिनी म्हणायचे. ती वहिनी होती म्हणून आमची आई नव्हती, असं कुणाच्या मनातही आलं नाही. हाक ज्याच्या त्याच्या घरी ठरते आणि बाहेरचे ती मानतात, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

तेव्हा ताई, फॉर्मवर ‘पालकाचे नाव’ दोनदा छापा, आणि प्रत्येक नावासमोर ‘मुलाशी/मुलीशी नाते’ हा रकाना रिकामा ठेवा. तिथे ‘आई’ दोनदा लिहिलेलं आलं तर तसंच उतरवून घ्या. आजोबा सांभाळत असतील तर ते ‘आजोबा’ लिहितील, त्यांचीही सोय होईल. सरकारी नोंदवहीत आई-वडिलांचे ठरलेले रकाने असतील तर ते शाळेच्या हातात नाहीत, पण डायरी, ओळखपत्र आणि सभेची चिठ्ठी तुमच्या हातात आहे. ‘प्रिय आई-बाबा’ऐवजी ‘प्रिय पालक’ लिहायला काहीच लागत नाही.

आणि ‘माझी आई’ हा निबंध घालाल तेव्हा तिला दोघींवर लिहू द्या. ‘आई’चं अनेकवचन फारसं लागत नाही म्हणून ‘आया’ वाचताना आपण क्षणभर दाई समजतो, पण ‘आयाबहिणी’ आपण म्हणतोच. ‘माझ्या आया’ हे शीर्षक शुद्ध मराठी आहे. त्यावर लाल शाई नको.