संशोधनातील लेखकनावे आणि सायटेशनचे आकडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या रसायनशास्त्र विभागातील सहकाऱ्यांचे वर्षाला पाच-सहा शोधनिबंध प्रसिद्ध होतात, प्रत्येकावर अनेकांची नावे असतात आणि त्यांच्या सायटेशनचा, म्हणजे इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा हवाला दिल्याच्या नोंदींचा, आकडा शेकड्यांत जातो. माझा एक निबंध सिद्ध व्हायला दोन वर्षे लागतात, तो मी एकटीच लिहिते आणि त्याचा उल्लेख क्वचितच कोठे मोजला जातो. तरीही आम्हा सर्वांना एकाच तक्त्यात बसवले जाते. या आकड्यांचे अभ्यासक अशा तुलनेकडे कसे पाहतात?

उत्तर : या आकड्यांचा जन्मभर अभ्यास करणारे लोक अशी तुलना करीत नाहीत, हे प्रथम स्पष्टपणे सांगायला हवे. प्रत्येक ज्ञानशाखेत लेखक म्हणून कोणाचे नाव घालायचे, ते कोणत्या क्रमाने घालायचे आणि आधीच्या कोणत्या लेखनाचा हवाला द्यायचा, यांच्या स्वतंत्र रीती असतात. त्या रीती समजून घेतल्याशिवाय केलेली मोजणी अभ्यासकांच्या लेखी निरर्थक असते.

या अभ्यासाला ग्रंथमिती म्हणतात आणि त्याची पायाभूत सामग्री ज्याने उपलब्ध करून दिली, त्या यूजीन गारफील्डचा मूळ हेतू कोणाचे मूल्यमापन करण्याचा नव्हता. अमेरिकेतील वकिलांसाठी १८७३ पासून एक सूची निघत असे. एखाद्या जुन्या न्यायनिर्णयाचा पुढे कोणत्या खटल्यांत आधार घेतला गेला आणि तो कोठे फिरवला गेला, हे तिच्यावरून कळत असे. विज्ञानातील निबंधांसाठीही अशी सूची असावी, असे गारफील्डने १९५५ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात मांडले आणि पुढच्या दशकात फिलाडेल्फियातील त्याच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आणला. जुन्या निबंधापासून निघून त्याचा आधार घेणाऱ्या नव्या निबंधांपर्यंत वाचकाने पोहोचावे, एवढाच त्यामागचा उद्देश होता. डेरेक डी सोला प्राइस या विज्ञानाच्या इतिहासकाराने १९६५ साली याच सामग्रीकडे निबंधांचे एक जाळे म्हणून पाहिले, तेव्हा त्याला असे आढळले की, एखाद्या सर्वसाधारण वर्षात अस्तित्वात असलेल्या निबंधांपैकी सुमारे ३५ टक्के निबंधांचा कोणीच उल्लेख करीत नाही आणि आणखी ४९ टक्क्यांचा फक्त एकदाच होतो. म्हणजे ‘क्वचितच उल्लेख होतो’ ही आपली तक्रार विज्ञानातील बहुसंख्य निबंधांनाही लागू पडते.

आता लेखकांच्या नावांकडे वळू. वुख्टी, जोन्स आणि उझी यांनी २००७ साली सुमारे दोन कोटी निबंध तपासून दाखवले की, विज्ञान आणि अभियांत्रिकीत दर निबंधामागील लेखकांची सरासरी साडेचार दशकांत १.९ वरून ३.५ वर गेली. सामाजिक शास्त्रांतही सहलेखन वाढले, परंतु मानव्यविद्यांमध्ये मात्र एकट्याने लिहिण्याची रीत टिकून राहिली. दुसऱ्या टोकाला कणभौतिकी आहे. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील दोन प्रयोगगटांनी २०१५ साली एकत्रित प्रसिद्ध केलेल्या निबंधावर ५,१५४ लेखकांची नावे आहेत. त्याच्या ३३ पानांपैकी प्रत्यक्ष निबंध नऊ पानांचा असून उरलेली पाने नावांनी आणि संस्थांनी व्यापली आहेत. तेथे लेखक याचा अर्थ ‘लिहिणारा’ असा नाही. यंत्र उभारणारे, चालवणारे आणि सामग्रीचे विश्लेषण करणारे असे सर्वच जण लेखक ठरतात. असा एक निबंध प्रत्येकाच्या नावावर पूर्ण एक म्हणून धरायचा की ५,१५४ वा हिस्सा म्हणून, हा निर्णय अभ्यासकाला मोजणीपूर्वी घ्यावा लागतो आणि तो बदलला की विद्यापीठांचे व देशांचे क्रमही बदलतात.

नावांच्या क्रमाचेही असेच आहे. जीवशास्त्र आणि वैद्यक यांत पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. गणितात आणि बऱ्याच अंशी अर्थशास्त्रात नावे वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे तेथे पहिल्या नावावरून काहीच अनुमान काढता येत नाही. तरीही लोक ते काढतात, हे आइनाव आणि यारिव्ह यांनी २००६ साली दाखवून दिले. अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांमध्ये ज्यांचे आडनाव वर्णमालेत आधी येते, त्यांना कायम नियुक्ती मिळण्याची शक्यता अधिक असल्याचे त्यांना आढळले. मानसशास्त्रात अशी रीत नाही आणि तेथे हा परिणामही दिसला नाही. दोन शाखा शेजारी ठेवून त्यांतील रीतीचा परिणाम वेगळा काढण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. आपल्याकडील विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दोनपेक्षा अधिक लेखक असल्यास प्रथम किंवा प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के श्रेय देण्याची तरतूद आहे. प्रयोगशाळेतील रीत गृहीत धरून केलेले हे सूत्र वर्णानुक्रमाने नावे लिहिणाऱ्या गणितज्ञाला लावले, तर आडनावालाच गुण मिळण्याचा धोका उरतो.

उरला आपल्या सायटेशनचा प्रश्न, आणि आपल्याला सर्वांत जाचणारा भाग हाच असणार. मुळात शाखाशाखांत संदर्भयादीची लांबी निराळी असते आणि संदर्भांचे वयही निराळे असते. प्राइसने यासाठी एक साधे माप सुचवले होते : संदर्भांपैकी गेल्या पाच वर्षांतील किती, ते पाहायचे. जीवरसायनशास्त्रासारख्या विषयात हे प्रमाण मोठे असते, इतिहासात अगदी लहान असते. एखाद्या संशोधनपत्रिकेतील निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात हे सांगणारा नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र केवळ मागील दोन वर्षांतील निबंधांचा विचार करतो. ज्या विषयात निबंधाचा पहिला गंभीर वाचकच तीन वर्षांनी भेटतो, तेथे हे माप काय मोजणार? शिवाय आपण आपल्या निबंधात मोडी कागद, पेशवे दफ्तरातील पत्रे, बखरी, एखादे मराठी पुस्तक किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातील जुना लेख यांचा हवाला देता. मोठ्या आंतरराष्ट्रीय सूची मुख्यतः संशोधनपत्रिकांतील, आणि त्यांतही बहुतांशी इंग्रजीतील, निबंधांवर उभ्या आहेत. एखाद्या मराठी ग्रंथात आपल्या निबंधाचा सविस्तर परामर्श घेतला गेला, तरी तो ग्रंथ सूचीत नसल्यामुळे आपल्या खात्यावर शून्यच दिसते. त्या शून्याचा अर्थ ‘कोणी वाचले नाही’ असा होत नाही. सूचीची नजर तेथवर पोहोचत नाही, एवढेच त्यावरून कळते.

शाखांची तुलना करणे अटळच असेल, तर अभ्यासक प्रत्येक निबंधाच्या सायटेशनला त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या निबंधांच्या सरासरीने भागतात. राडिकी, फोर्टुनाटो आणि कास्तेलानो यांनी २००८ साली दाखवले की, असा भागाकार केल्यावर अनेक विज्ञानशाखांमधील सायटेशनची वाटणी जवळजवळ एकाच वक्ररेषेवर येते, म्हणजे शाखाशाखांतील फरक बहुतांशी नाहीसा होतो. आपले मूल्यमापन करणाऱ्या समितीपुढे आपण हा मुद्दा अवश्य ठेवावा. मात्र सूचीत जे आलेलेच नाही, ते भागाकाराने परत मिळत नाही, म्हणून इतिहासासारख्या विषयात निबंध प्रत्यक्ष वाचणारे जाणकार समितीत असण्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : एकाच आडनावाच्या आणि आद्याक्षरांच्या अनेक संशोधकांना संगणक वेगळे कसे ओळखतो? लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे काय होते?

उत्तर : या सगळ्या अभ्यासातील सर्वांत कष्टाचे काम हेच आहे. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ या नावाखाली महाराष्ट्रातील कितीतरी निरनिराळी माणसे एकत्र येतात. उलट एकच व्यक्ती कधी वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासह, कधी त्याशिवाय आणि कधी वेगळ्या रोमन स्पेलिंगने लिहिते, तेव्हा तिचे दोन-तीन लेखक होतात. संस्था, सहलेखक, विषय आणि स्वतःच्याच जुन्या निबंधांचे दिलेले हवाले यांच्या आधारे संगणक नावे जुळवतो, पण लग्नानंतर आडनाव, संस्था आणि गाव हे तिन्ही एकदम बदलले, तर ही खूण पटवणे अवघड होते आणि त्या स्त्रीचे आधीचे काम तिच्या नावावरून निसटते. २०१२ साली सुरू झालेला ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक याच अडचणीवर काढलेला उपाय आहे. तो विनामूल्य मिळतो आणि नाव बदलले तरी तोच राहतो. संशोधनाला नुकती सुरुवात करणाऱ्या प्रत्येकीने पहिल्या निबंधाआधीच तो घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : जास्त सायटेशन म्हणजे जास्त थोर संशोधन, असे मानणे कितपत योग्य?

उत्तर : सर्वाधिक सायटेशन मिळवणारा निबंध म्हणून अनेक वर्षे ज्याचे नाव घेतले गेले, तो ऑलिव्हर लॉरी आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध द्रावणातील प्रथिनाचे प्रमाण कसे मोजावे हे सांगतो. २०१४ पर्यंत त्याचे तीन लाखांहून अधिक उल्लेख झाले होते. ती पद्धत असंख्य प्रयोगशाळांना रोज लागत होती, हे त्याचे कारण. मोरावचिक आणि मुरुगेशन यांनी १९७५ साली सैद्धान्तिक कणभौतिकीतील निबंध वाचून त्यांतील एकेक हवाला कशासाठी दिला आहे हे पाहिले, तेव्हा सुमारे दोन पंचमांश हवाले केवळ उपचारापुरते असल्याचे दिसून आले.

याची उलट बाजू दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या बाबतीत दिसते. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या कोसंबींनी १९४४ च्या सुमारास गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र दिले. ते आज ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ या नावाने जगभरच्या आनुवंशिकीत वापरले जाते, आणि इतके रूढ झाले आहे की, ते वापरणाऱ्याला मूळ निबंधाचा हवाला देण्याची गरजही अनेकदा वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेची नोंद केली होती : कल्पना सर्वांच्या अंगवळणी पडली की तिचा उगम संदर्भयादीतून पुसला जातो. याच कोसंबींनी १९४३ साली भारतीय गणितविषयक पत्रिकेत मांडलेली एक सांख्यिकी कल्पना मात्र कारहुनेन आणि लोएव्ह या नंतरच्या गणितज्ञांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या प्राचीन भारताच्या इतिहासावरील ग्रंथांचे, नाण्यांवरील लेखांचे आणि भर्तृहरीच्या पाठसंपादनाचे हवाले आणखी निराळ्या ठिकाणी विखुरले आहेत. एका आकड्यात हे सारे मावणार नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरकडील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. महागड्या सूची आमच्याकडे नाहीत. मराठी संशोधनपत्रिकांचा असा अभ्यास आम्हाला करता येईल का?

उत्तर : निश्चित करता येईल. आल्फ्रेड लोटका हा विमा कंपनीत नोकरी करणारा गणिती होता. ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’च्या १९०७ ते १९१६ च्या सूचीतील केवळ ‘ए’ आणि ‘बी’ अक्षरांनी सुरू होणारी ६,८९१ नावे मोजून त्याने १९२६ साली आपला नियम मांडला : एकच निबंध लिहिणारे जितके, त्यांच्या साधारण एक चतुर्थांश दोन लिहिणारे आणि एक नवमांश तीन लिहिणारे असतात. आपण एखाद्या मराठी पत्रिकेचे दहा वर्षांचे अंक घ्यावेत आणि प्रत्येक लेखासाठी लेखकांची संख्या, प्रत्येक संदर्भाची भाषा, प्रकाशनवर्ष आणि प्रकार यांची नोंद एका तक्त्यात करावी. प्रकारांत ग्रंथ, लेख, हस्तलिखित, वृत्तपत्र आणि मुलाखत हे वेगवेगळे ठेवावेत. तळटीपेत एकाच ग्रंथाचा पाच वेळा उल्लेख आला, तर तो एक धरायचा की पाच, हे आधी ठरवून लिहून ठेवावे. पहिल्या एका अंकाची नोंद दोघांनी स्वतंत्रपणे करून ती ताडून पाहावी. जेथे दोघांच्या नोंदी जुळणार नाहीत तेथे आपले नियम अपुरे आहेत असे समजावे आणि ते दुरुस्त करूनच पुढचे अंक हाती घ्यावेत.