मार नाही आणि उत्स्फूर्तही नाही

प्रश्न असा आला आहे : मावशी आयसीयूतून घरी आली. तिच्या कागदांवर 'स्पॉन्टेनियस रेक्टस शीथ हिमॅटोमा' असं लिहिलंय. घरच्यांना कळावं म्हणून मी 'उत्स्फूर्त उदर-रक्तस्राव' असं मराठी केलं, तर मावशीसकट सगळे हसले. काय चुकलं?

हसू आलं ते 'उत्स्फूर्त'ला. मराठीत उत्स्फूर्त असतं ते भाषण, प्रतिसाद, फार तर गावबंद. त्यात मनाची उभारी आलीच. धमनीला कसली उभारी!

'आपोआप' त्यापेक्षा बरा, पण त्यातून काही कारणच नव्हतं असं वाटतं. डॉक्टरांना एवढंच सांगायचं असतं की रुग्ण पडला नाही, कुठे आपटला नाही. कारण बहुतेकदा असतं. अतिदक्षता विभागात पडून राहिलेल्याच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून हेपरिनसारखं, आपण 'रक्त पातळ करणारं' म्हणतो ते औषध चालू असतं. त्यात खोकल्याची ढास लागते आणि पोटाच्या उभ्या स्नायूमागची धमनी किंवा तिची फांदी फाटते. कोविडमध्ये खोकला आणि हे औषध दोन्ही एकत्र आले, तेव्हा असे रुग्ण ठिकठिकाणी दिसले. म्हणून मी 'मार न लागता' म्हणेन. कातडी न फुटता आत रक्त साकळतं त्याला आपल्याकडे 'मुका मार' म्हणतात. इथे मुकेपण तेवढं आहे, मार नाही.

खरी गफलत 'उदर'मध्ये आहे. 'पोटात रक्तस्राव' ऐकलं की अल्सर, रक्ताची उलटी असंच डोळ्यांपुढे येतं. आपलं 'पोट' फार ऐसपैस : जठर, आतडी, गर्भाशय, वरची कातडीसुद्धा त्यातच. कुत्रा चावला की 'पोटात चौदा इंजेक्शनं' म्हणून पोरं घाबरायची, पण ती सुई कातडीखालीच थांबायची. मावशींचं रक्तही पोटाच्या भिंतीत साकळलं, पोकळीत नाही. हा फरक डॉक्टर हातानेही पाहतात. रुग्णाला डोकं उचलायला लावून स्नायू ताठ झाला की पुन्हा दाबायचं. गाठ भिंतीतली असेल तर तेव्हाही हाताला लागते आणि दुखते, आतली असेल तर स्नायूआड जाते.

'रेक्टस' म्हणजे लॅटिनमध्ये सरळ, पोटाच्या त्या उभ्या स्नायूचं हे नाव. आणि 'शीथ' म्हणजे चक्क म्यान, त्या स्नायूभोवतीचं. 'आवरण'पेक्षा मला म्यानच आवडतं, कारण त्यातून पुढचं कळतं. बेंबीखाली काही अंतरावर या म्यानाची मागची जाड बाजू संपते, उरतो पातळ पापुद्रा. तिथे सुटलेलं रक्त म्यानात अडत नाही, ओटीपोटाकडे पसरतं आणि बाहेरून पटकन दिसतही नाही.

राहिला 'हिमॅटोमा', म्हणजे आत साकळलेलं रक्त. नुसतं 'गाठ' म्हणू नका, घरात लगेच कॅन्सरची कुजबूज सुरू होते. 'रक्तगुल्म' भारदस्त आहे, पण आयुर्वेदात तो बायकांच्या वेगळ्याच विकारासाठी वापरला गेलाय. 'साकळणे' हे आपलं घरचं क्रियापद असताना दूर कशाला जायचं?

तेव्हा घरात सांगा : 'मार न लागता पोटाच्या स्नायूत रक्त साकळलं होतं.' विम्याच्या अर्जावर मात्र कागदावरचा शब्द जसाच्या तसा उतरवा. आणि 'रक्तस्राव'मधला 'स्रा' तुम्ही 'त' घालून 'स्त्रा' केला नाहीत, ते बरोबर. धातू 'स्रु', म्हणजे वाहणे.